पहिली द्राक्षबाग: घडाचं वजन नक्की कधी ठरतं?

दरवर्षी डिसेंबरात कुणीतरी नवा बागायतदार घडांचे फोटो पाठवतो आणि विचारतो, "भाऊ, मणी फुगत नाहीये, काय मारू?" याचं उत्तर देणं माझ्या जिवावर येतं. कारण बहुतेक वेळा खरं उत्तर एवढंच असतं, की आता काही मारू नकोस. जे बिघडायचं ते काही जूनमध्ये बिघडलं, काही नोव्हेंबरात. औषधाच्या दुकानातून मात्र तो हजारोंचं बिल घेऊन बाहेर पडलेला असतो.

ज्यांची बाग यंदा पहिल्यांदा मालावर येणार आहे, किंवा ज्यांनी नोकरी सोडून वडिलांची बाग हातात घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी बाग दिंडोरी तालुक्यात, त्यामुळे तारखा नाशिककडच्या समजा. सांगली-तासगाव, सोलापूर, नारायणगावला थोडं पुढेमागे होतं. बागलाणात अर्ली छाटणी आमच्या कितीतरी आधी सुरू होते, तिथलं वेळापत्रकच वेगळं. आकडे देताना थॉमसन आणि तिच्या घराण्यातल्या जाती डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत: तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, क्लोन टू-ए. काळ्या जातींचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगेन.

आधी एक गुणाकार

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा:

एकरी माल = झाडं × झाडावरचे घड × घडातले मणी × एका मण्याचं वजन

९ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एका झाडाच्या वाट्याला ४५ चौरस फूट येतात. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ९६८ झाडं. झाडावर ३० घड, घडात ११० मणी आणि मणी ४ ग्रॅमचा धरला, तर घड ४४० ग्रॅमचा, झाडावर १३.२ किलो आणि एकरात पावणेतेरा टन. हे झालं कागदावरचं. तुटाळी (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा), डाऊनी (केवडा रोग), वांझ काड्या आणि काढणीतला टाकाऊ माल वजा करून नऊ-दहा टन निर्यातीजोगा माल पेटीत गेला, तर ते वर्ष मी चांगलं म्हणतो.

यातला प्रत्येक आकडा वेगळ्या वेळी पक्का होतो आणि एकदा झाला की वाढत नाही, फक्त कमी होऊ शकतो. झाडांची संख्या लागवडीच्या दिवशी ठरते. घड जास्तीत जास्त किती निघतील ते एप्रिल छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत ठरतं, तेव्हा बागेत घड दिसतसुद्धा नसतो. मणी किती राहतील ते फुलोऱ्यात आणि विरळणीत. मण्याचं वजन त्यानंतर काढणीपर्यंत, पण त्याचा पाया पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडायला लागेपर्यंत, घातला जातो. नवा माणूस पैसा ओततो तो शेवटच्या आकड्यावर, कारण तो डोळ्यांना दिसतो.

लागवड आणि खुंट

याबद्दल थोडक्यातच, कारण बहुतेकांची लागवड होऊन गेलेली असते. खुंट म्हणजे ज्या मुळाच्या जातीवर द्राक्षाचं कलम बांधतात तो. आपल्याकडे बहुतेक बागा डॉगरिज खुंटावर आहेत. पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून तो पसरला. पण डॉगरिज जोरकस आहे. भारी काळ्या जमिनीत, भरपूर पाण्यावर तो वेलीला पानांचं वेड लावतो, आणि काडी माजली की घड कमी. अशा जमिनीत ११०-आर सारखा मध्यम जोराचा खुंट बघा. लागवडीआधी माती आणि पाणी तपासून घ्या. मातीत मुक्त चुना किती आणि पाण्यात क्षार किती हे ठाऊक नसेल, तर पुढची सगळी खतं अंदाजपंचे पडतात. चुनखडीच्या रानात पानं पिवळी पडतात. लोक नत्र टाकत बसतात, आणि कमतरता असते लोहाची.

खरड छाटणी: घड इथं तयार होतो

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो आणि माल एकदा घेतो. मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या काडीवर गोडी बहाराची छाटणी करून माल घ्यायचा.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्यातल्या एका बारीक फुगवट्याला तेव्हा दोन वाटा असतात. एकतर तो घड होतो, नाहीतर बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू). ऊन, ऊब, साठलेलं अन्न आणि मुळ्यांकडून येणारं सायटोकायनिन हे संप्रेरक मिळालं तर घड. ढगाळ हवा, दाट सावली, भरमसाठ नत्र आणि पाणी मिळालं तर वेलीतलं जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वाढतं, शेंडा धावतो आणि घडाची बाळी होते. जे जिबरेलिन डिसेंबरात मणी मोठा करतं तेच मे-जूनमध्ये घड मारतं, हे नव्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

आता कामं, क्रमानं.

छाटणी शक्यतो १५ एप्रिलच्या आत संपवा. मे महिन्याअखेर छाटलेल्या बागेची घडनिर्मिती जुलैच्या ढगांत सापडते. मजूर मिळाले नाहीत, पाणी आलं नाही, ही कारणं खरी असतात, पण डोळ्याला ती कळत नाहीत.

फुटी हातभर व्हायच्या आत विरळून घ्या. ९ बाय ५ च्या झाडावर ३० ते ३५ काड्या पुरे. "असू दे, पुढं बघू" म्हणून ५० ठेवल्या की एकीच्या सावलीत दुसरी येते, आणि सावलीतल्या डोळ्यात घड धरत नाही.

सबकेन करा. सरळ काडी सात पानांवर खुडायची, मग जी बगलफूट पुढे निघते ती पाच पानांवर थांबवायची. खुडल्यावर रस थांबतो आणि खुडलेल्या गाठीच्या आजूबाजूचे डोळे चांगले पोसले जातात. ऑक्टोबरात कात्री चालते ती याच गाठीजवळ. काडीची जाडी ८ ते १० मिलिमीटर असावी, म्हणजे साधारण शाळेच्या पेन्सिलीपेक्षा जराशी जाड. अंगठ्याएवढी काडी बघून पाहुणे कौतुक करतात, पण तिच्यात घड लहान आणि कमी निघतात.

चाळिसाव्या दिवसाच्या आसपास नत्र थांबवा, पाणी कमी करा, स्फुरद द्या. पाणी बंद करायचं नाही, पांढरी मुळी चालू राहिली पाहिजे. पण शेंडा पळता कामा नये. संध्याकाळी बागेतून चालताना शेंडे खाली वाकून लुसलुशीत दिसले तर पाणी जास्त होतंय. याच काळात घड धरावा म्हणून ६-बीए आणि युरॅसिलच्या फवारण्या करतात. त्यांचा उपयोग होतो, पण गर्द सावलीतल्या काडीला कुठलीच फवारणी वाचवत नाही. आधी फुटी विरळा, मग बाटली उघडा.

पंचेचाळिसाव्या दिवशी देठ परीक्षणाला, म्हणजे देठातली अन्नद्रव्यं तपासायला, पानं पाठवा. पान काडीच्या तळाकडून पाचवं.

वाढ रोखण्यासाठी पूर्वी सगळेच क्लोरमेक्वाट, म्हणजे लिहोसिन, सढळ हातानं वापरायचे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, कंटेनर अडकले आणि अनेक घरांचं वर्ष त्यात बुडालं. ते औषध उन्हाळ्यात मारलेलं, अंश निघाले ते फळात. वेल काडीत काय साठवून ठेवते याचा तो धडा होता. निर्यात करायची असेल तर कुठलंही संजीवक (वाढीवर परिणाम करणारं औषध) मारण्याआधी त्या वर्षीची मान्य यादी बघा, दुकानदाराचा शब्द नव्हे.

डोळे तपासणी आणि गोडी छाटणी

ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत न्या. बागेच्या चारही बाजूंच्या, जाड-बारीक अशा मिसळून काड्या घ्या आणि प्रत्येक प्लॉटची जुडी वेगळी बांधा. तिथला माणूस ब्लेडनं डोळ्याची पातळ चकती काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. एकदा तुम्ही स्वतः त्यातून बघा. हिरवट गाभ्यात कोबीच्या गड्ड्यासारखा बारीक पुंजका दिसतो, तो तुमचा फेब्रुवारीतला घड. तो नसेल तिथं नुसती गुळगुळीत निमुळती टोकं दिसतात. तपासणारा माणूस कागदावर लिहून देतो, दुसऱ्या डोळ्यात घड नाही, पाचव्यात मध्यम, सहाव्यात चांगला. मग छाटणी सहाव्यावर. हा कागद हातात नसताना "शेजाऱ्यानं गाठीवर मारली म्हणून आपणही गाठीवर" असं करू नका. त्याची काडी वेगळी, तुमची वेगळी.

छाटणीआधी दहा-पंधरा दिवस पानगळ करून घ्यायची म्हणजे डोळे फुगायला लागतात. छाटल्यावर दोन दिवसांच्या आत हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे लेप, टोकाकडच्या डोळ्यांना. प्रमाण लिटरला ३० ते ४० मिली, काडी जाड आणि हवा थंड असेल तर वरच्या बाजूला. हातमोजे घालायचे. आणि एक गोष्ट टोळीतल्या प्रत्येकाला स्वतः सांगायची, की पेस्टिंगच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही नको. हे रसायन अंगात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. ही भीती घालायची गोष्ट नाही, आमच्या भागात घडलेली आहे.

फूट निघताना, म्हणजे पोंगा (फुगलेला डोळा) उघडून कोवळी पानं बाहेर येतात त्या दहा-पंधरा दिवसांत, घड जिरण्याचा धोका असतो. डोळ्यात घड होता, बाहेरही आला, पण अशक्त. मग पाऊस झाला, जमीन वाफशावर नाही, आणि त्याची बघता बघता बाळी झाली. या दहा-पंधरा दिवसांत पाणी हात राखून द्या आणि नत्र देऊच नका. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेचना, तेव्हा बागेत ट्रॅक्टर जाईना आणि घडांचं जिरणं, गळ, कूज, डाऊनी हे सगळं एकावर एक आलं. अशा वर्षी माणसाच्या हातात फार नसतं. बांधाच्या कडेनं चर काढून पाणी बाहेर काढणं आणि फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) लवकर काढून हवा खेळती ठेवणं, एवढंच.

झाडावर घड किती ठेवायचे

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण माझं स्वतःचं नुकसान इथं झालं.

माझ्या बागेचा पहिला मोठा माल होता. काडी उत्तम तयार झालेली, जवळजवळ प्रत्येक फुटीला दोन घड. झाडाखाली उभं राहून वर बघितलं की नुसते घडच घड. शेजारचे काका, चाळीस वर्षं द्राक्षात मुरलेले, म्हणाले, "तीस-बत्तीस ठेव, बाकीचे उतरव." माझ्यानं होईना. मी ५२ ठेवले. मनात हिशेब होता, ५२ गुणिले ४०० ग्रॅम, वीस किलो झाड. फेब्रुवारीत साखर चौदा ब्रिक्सवर (रसातले साखरेचे टक्के) अडकली. व्यापारी आला, मणी चाखला, रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) न काढताच म्हणाला, आठ दिवसांनी येतो. आठाचे पंधरा झाले. घडांच्या शेंड्याचे मणी मऊ, पाणचट पडले, ज्याला वॉटर बेरी म्हणतात ते. शेवटी भाव पाडून माल गेला. काट्यावर झाडामागे सरासरी साडेतेरा किलो आले. म्हणजे घड २६० ग्रॅमचा.

तीस घड ठेवले असते तरी १३ किलोच आले असते! वेलीनं तिच्या पानांच्या कुवतीएवढीच साखर बनवली. मी ती ३० घडांत न घालता ५२ मध्ये पातळ केली. आणि भोग एका वर्षाचा नव्हता. उपाशी वेलीची काडी पुढच्या उन्हाळ्यात बारीक निघाली, डोळे तपासणीचा कागद वाचायची हिंमत होत नव्हती.

तेव्हा हिशेब घडांचा नाही, पानांचा करा. चारशे ते पाचशे ग्रॅमचा घड पोसायला १२ ते १५ मोठी, उन्हात असलेली पानं लागतात. म्हणून मालकाडीवर घडाच्या पुढे आठ-दहा पानं राहतील असा शेंडा मारायचा. घडाच्या पुढे चारच पानं असतील तर तो घड उतरवायचा, कितीही देखणा असला तरी. जागेचा हिशेब सोपा आहे: निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड, स्थानिक बाजारासाठी चौरस फुटाला एक. ४५ चौरस फुटांच्या झाडावर निर्यातीला ३० घड येतात ते असे.

फूट पाच-सहा पानांची झाली, घड स्पष्ट दिसायला लागला, की फेलफुटी काढायच्या. जिला घड नाही आणि जी पुढच्या वर्षी ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) भरायला लागणार नाही ती जाईल. एका काडीवर एक घड, क्वचित जाड काडीला दोन. सगळी कमी-जास्त फुलोऱ्याच्या आत उरका. मणी मिरीएवढे झाल्यावर घड उतरवला तर तोवर त्यानं खाल्लेलं परत मिळत नाही.

हातून घड तोडवत नसतील तर ते काम दुसऱ्याला सांगून बाजारहाटाला जा. मी अजूनही तेच करतो.

पोपटी घड, फुलोरा आणि विरळणी

छाटणीनंतर तीन आठवड्यांनी घड पोपटी रंगाचा होतो. तेव्हा जीए, म्हणजे तेच जिबरेलिन, १० पीपीएमची (दहा लाख भागांत दहा) फवारणी, चार-पाच दिवसांनी १५ पीपीएमची. यानं घडाचा दांडा आणि पाकळ्या (घडाचे बाजूचे फाटे) लांबतात, मण्यांना बसायला जागा होते. हिशेब लक्षात ठेवा, शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए म्हणजे १० पीपीएम. जीए पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावं लागतं. आपल्या बोअरचं पाणी जड, सामू (पीएच) आठाच्या पुढे. अशा पाण्यात जीएची ताकद कमी होते. सायट्रिक आम्ल घालून सामू साडेपाच-सहावर आणा. स्वस्तातले सामूचे कागद न आणता हजारोंचं संजीवक मारणारे बागायतदार मी बघितलेत.

फवारणी चुकली, पोपटी अवस्था निघून गेली, तर दुप्पट मारून भरपाई होत नाही. दांडा जाड आणि कडक होतो, घड वाकतो.

फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि धुकं आलं तर गळकूज. सकाळी घडाला टिचकी मारून बघा, हातावर किती फुलं पडतात. थोडी गळ हवीच असते, नाहीतर घडात तीन-चारशे मणी राहतात. या दिवसांत पाणी जरा कमी, आणि फुलोऱ्यात घडासमोरचं पान देठ परीक्षणाला.

मग येते हातानं विरळणी. मणी ३-४ मिलिमीटरचे, बाजरी-ज्वारीच्या मधले असताना सुरू करायची आणि ६-७ मिलिमीटरच्या आत संपवायची. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. वर्षानुवर्षं कात्री चालवणाऱ्या बाईचा हात बघण्यासारखा असतो. घड ती हातात धरत नाही, दोन बोटांत दांडा नुसता टेकवते. आधी घडाचा शेंडा उडवते, बोटभर. मग वरच्या पाकळ्या तशाच ठेवून मधल्यांतली एक सोडून एक कापते. घडावर आठ-दहा पाकळ्या राहतात. मग ज्या पाकळीवर मणी गच्च आहेत तिथं आतल्या बाजूचे मणी कात्रीच्या टोकानं. मण्याला कात्री घासली तर तिथं तपकिरी डाग राहतो आणि तो मण्याबरोबर मोठा होतो. एका घडाला मिनिटभर लागत नाही.

पहिल्या वर्षी मी पाठीमागे उभा राहून खाली पडलेल्या हिरव्या सड्याकडे बघत होतो. मुकादमीण हसून म्हणाली, "भाऊ, घड उघडा पडला म्हणून जीव जळतोय ना? महिन्यानं येऊन बघा." महिन्यानं त्या घडांत बोट घालायला जागा उरली नव्हती.

घडात शंभर ते एकशेवीस मणी ठेवायचे. टोळीला सांगताना "जरा मोकळा करा" असं सांगू नका. स्वतः एक घड मोजून तयार करा, त्याला लाल चिंधी बांधा आणि म्हणा, असा हवा. उक्त्यावर काम दिलं असेल तर दर दहा झाडांमागे एक घड मोजा.

मणी फुगवणं

१६ मिलिमीटरचा मणी आणि १८ मिलिमीटरचा मणी यात दोनच मिलिमीटरचा फरक. पण गोलाईचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं, त्यामुळे लांबीही त्याच मानानं वाढली तर १८ चा मणी सोळाच्यापेक्षा सुमारे ४२ टक्के जड भरतो. निर्यातदार १८ ची रिंग (मणी मोजायची कडी) घेऊन का फिरतो, ते इथं कळतं.

३-४ मिलिमीटरला जीएची पहिली बुडवणी आणि ६-८ ला दुसरी, साधारण ४० आणि मग ३० पीपीएम, हा नेहमीचा हिशेब. त्यात ६-बीए किंवा १ ते २ पीपीएम सीपीपीयू, मणी फुगवणारं आणखी एक संजीवक, जोडतात. ०.१ टक्क्याच्या सीपीपीयूचा लिटरला एक मिली म्हणजे एक पीपीएम. इथं दशांशचिन्हाची चूक महाग पडते. सीपीपीयू जास्त झालं तर साल जाड होते, मणी वाटाण्यासारखा गोल आणि घट्ट राहतो, साखर लांबते. शरद सीडलेस, नानासाहेब पर्पल अशा रंगीत जातींवर तर रंगच धरत नाही. एका वर्षी माझ्या काळ्या प्लॉटचे घड अर्धे हिरवे, अर्धे जांभळे राहिले. ते लोकांना दाखवायचीही लाज वाटत होती. तेव्हापासून काळ्यावर सीपीपीयू बंद.

बुडवणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, म्हणजे द्रावण हळू सुकतं आणि शोषलं जातं. मगात घड बुडवून वर काढला की हलकी टिचकी मारा. मण्याच्या टोकाला थेंब लोंबत राहिला तर तिथं डाग पडतो.

गर्डलिंगनं, म्हणजे खोडाची दोन-तीन मिलिमीटर रुंदीची साल गोल काढून, पानांचं अन्न मुळांकडे जाणं तीन-चार आठवडे थांबतं आणि ते मण्याला मिळतं. मण्याला त्याचा लाभ खरोखर दिसतो. पण अशक्त झाडावर किंवा जास्त माल असलेल्या झाडावर ते करू नका, मुळी उपाशी मरते. पहिल्या मालाच्या वर्षी तर नकोच.

डिसेंबरात निफाडकडे पारा एक आकड्यात गेला की मण्याची फुगवण थांबते. लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रीप सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. थंडीत मणी फुगत नाही म्हणून जीएची तिसरी-चौथी बुडवणी करणं म्हणजे गाडीचं डिझेल संपलंय आणि आपण हॉर्न वाजवतोय.

पाणी उतरल्यानंतर

एक दिवस सकाळी मणी दाबला की कडक लागत नाही, किंचित मऊ लागतो, आतून पारदर्शक दिसतो. पाणी उतरलं. इथून मणी अजूनही वाढतो, पण मुख्य काम साखरेचं. जीए बंद, नत्र बंद, पालाश सुरू. घडाजवळची दोन-तीन पानं काढून हवा आणि थोडा प्रकाश द्या, पण पश्चिमेकडचा घड उघडा टाकू नका, दुपारच्या उन्हानं मणी भाजतो. युरोपच्या ग्राहकाला हिरवा मणी हवा असतो, तिथं घडावर थोडी सावली चालते. आपल्याकडचा ग्राहक पिवळसर झाक बघून गोडी ओळखतो. माल कुठं जाणार हे आधी ठरवा, त्यावर पानं काढा.

नाशिककडे याच वेळी रात्र थंड आणि दुपार गरम पडली की हिरव्या जातीत मणी गुलाबी होतात, पिंक बेरी. खायला काही फरक नाही, पण निर्यातीत ते चालत नाहीत. म्हणून पाणी उतरायच्या आत घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. पाणी उतरल्यावर गुंडाळला तर नुसती मजुरी.

पाणी रोज सारखं द्या. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी दुप्पट सोडलं की साल ताणून मणी तडकतो, पाऊस पडावा तसाच. कागद लावला म्हणून मिलीबगकडे दुर्लक्ष नको. आठवड्यातून एकदा पाच-दहा घड उघडून दांड्याच्या बेचक्यात बघा, तिथं चिकट पांढरं दिसलं तर पसरायच्या आत बंदोबस्त करा. भुरीसाठी शेवटी शेवटी घाईनं भलतंसलतं मारू नका, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ मोजा. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांची सरकारी नोंदणी) नोंदलेल्या प्लॉटचा नमुना अंश तपासणीला जातोच.

काढणी आणि त्यानंतर

साखर मोजताना वरच्या खांद्याचा मणी चाखून खूष होऊ नका. घडात वरचा मणी गोड, शेंड्याचा सगळ्यात मागे. वर, मध्ये, खाली असे मणी घ्या, बागेच्या चारी कोपऱ्यांतून, उन्हातले आणि सावलीतले, आणि रस एकत्र करून रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा. निर्यातीला १६ ब्रिक्सपासून घेतात, मी १८ च्या खाली कात्री लावत नाही. द्राक्ष झाडावरून काढल्यावर पिकत नाही, आंबा नव्हे तो.

काढणी पहाटे ते दहापर्यंत. दांडा धरून, मण्याला हात न लावता, नाहीतर मण्यावरची पांढरी मेणासारखी झाक पुसली जाते आणि ग्राहक तिलाच ताजेपणा म्हणतो. क्रेट सावलीत, खाली कागद. उन्हात तासभर राहिलेला माल पॅकहाऊसच्या थंडीत गेला तरी त्याचा देठ आधी तपकिरी होतो.

प्लॉटनुसार पेट्या, झाडामागे किलो, रिंगेत बसलेला टक्का आणि टाकाऊ किती, हे त्याच दिवशी वहीत लिहा. दोन दिवसांनी आठवत नाही.

शेवटची पेटी गेली की लोक ड्रीपचा कॉक बंद करून लग्नसराईला जातात. तसं करू नका. पानं अजून हिरवी आहेत आणि ती खोडात, ओलांड्यात, मुळांत अन्न भरतायत. खरड छाटणीनंतरची पहिली फूट याच साठ्यावर निघते. छाटणीपर्यंतचे पंधरा-वीस दिवस वेलीला हलकं पाणी आणि थोडं खत द्या, पानांवर भुरी-कोळी चढू देऊ नका. मगच कात्र्यांना धार लावून आणा.